करून टाकू ना, सर?

गाडी सर्व्हिसिंगला देताना माझ्या अंगी जी नम्रता येते ती मी एरवी कोठेही दाखवीत नाही, आणि तिचे कारण अगदी साधे आहे: काउंटरपलीकडच्या माणसाला माझ्या गाडीच्या पोटातले सगळे माहीत असते आणि मला फक्त तिचा रंग. त्या रंगालाही कंपनीने जे भारदस्त नाव दिले आहे ते माझ्या लक्षात राहत नाही, त्यामुळे मी ‘करडा’ असे सांगतो आणि समोरचा माणूस काहीही न बोलता बरोबर नाव लिहून घेतो. ओळखच अशी झाल्यावर पुढच्या वाटाघाटीत आपली बाजू वरचढ राहील, अशी आशा कोणी करू नये.

या वेळी ४०,००० किलोमीटरच्या सर्व्हिसिंगला जाण्यापूर्वी मात्र मी आदल्या रात्रीच निश्चय केला होता की, कंपनीने जेवढे सांगितले असेल तेवढेच करून घ्यायचे, त्यापलीकडे काडीचेही नाही. कंपनीने नेमके काय सांगितले आहे ते आपल्याला ठाऊक नाही, ही बाब निश्चयाच्या भरात माझ्या ध्यानात आली नाही. ते सांगणारी पुस्तिका गाडीतच होती. डॅशबोर्डच्या कप्प्यात, सेल संपलेल्या बॅटरीखाली, गाडी घेतली त्या दिवशीच्या प्लॅस्टिकच्या पाकिटात ती अजून कोरी करकरीत पडलेली होती.

माझ्या वाट्याला आलेला सर्व्हिस ॲडव्हायझर तरुण होता, इस्त्रीच्या शर्टातला होता आणि त्याच्या हातात टॅबलेट होता. त्याने गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली, जागोजागी थांबून ओरखड्यांचे फोटो काढले आणि मागच्या चाकापाशी वाकून एक सुस्कारा टाकला. काय झाले, असे विचारण्याचा मोह मी आवरला. त्याने पुढच्या चाकापाशी दुसरा सुस्कारा टाकला, तेव्हा मात्र माझ्याच्याने राहवले नाही. ‘‘काही नाही सर, आपण करून टाकू ना,’’ तो म्हणाला.

या वाक्याचा मी पुढे बराच अभ्यास केला. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन वेगळे शब्द आहेत, आणि या भेदाचा इतका मार्मिक उपयोग मी व्याकरणाच्या पुस्तकातही पाहिलेला नाही. गाडी तपासतात ते ‘आम्ही’, इंजिन फ्लश करायचे ते ‘आपण’, आणि बिल येते ते ‘तुम्हाला’. शिवाय नुसते ‘करू’ म्हटले तर माणूस विचार करतो. ‘करून टाकू’ म्हटले की ते काम कधीपासून आपल्या डोक्यावर बसलेले होते आणि आता ते एकदाचे खाली उतरणार, असे वाटून त्याला हायसे वाटते. वाक्याच्या शेवटी ‘ना’ लावला की नकार देणारा माणूस आपोआपच तुसडा ठरतो. एवढी सामग्री ज्या वाक्यात आहे त्यापुढे माझ्यासारख्याचा एका रात्रीचा निश्चय कितीसा टिकणार?

जॉब कार्ड भरू लागले. ऑइल आणि ऑइल फिल्टर यांवर माझे दुमत नव्हते. त्यानंतर इंजिन फ्लश, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, इंजेक्टर क्लीनिंग, एसीचे निर्जंतुकीकरण, गाडीच्या तळाला गंजरोधक लेप आणि उंदरांनी वायरी कुरतडू नयेत म्हणून एक फवारा, अशी मालिका त्याने एका दमात म्हणून दाखवली. यांतले प्रत्येक काम निरर्थक आहे असे मी म्हणणार नाही. ज्याच्या गाडीच्या वायरी उंदरांनी खरोखर खाल्ल्या आहेत, तो त्या फवाऱ्याला हसणार नाही. पण माझ्या गाडीला यातल्या कशाचा त्रास होतो आहे, असे विचारल्यावर ‘‘प्रिव्हेंटिव्ह आहे, सर’’ हे उत्तर सहाही वेळा आले, आणि जो आजार झालेलाच नाही त्यावरचा उपाय लागू पडला की नाही हे कधीच सिद्ध करता येत नाही, हे त्या उपायाचे मोठे बलस्थान आहे.

टायरमध्ये नायट्रोजन भरण्याचा प्रस्ताव आला तेव्हा माझ्या शालेय शिक्षणाला अचानक जाग आली. आपण श्वासावाटे जी हवा घेतो तिच्यात ७८ टक्के नायट्रोजनच असतो. म्हणजे माझ्या चारही टायरमध्ये तो आधीच मुबलक भरलेला होता आणि व्यवहार चालला होता तो उरलेल्या २२ टक्क्यांबद्दल. शुद्ध नायट्रोजन कोरडा असतो आणि टायरमधून जरा सावकाश निसटतो, हे खरे. पण महिन्यातून एकदा हवा तपासून घेतली की तेवढा फरक भरून निघतो. मी हे सगळे बोलून दाखवले. तो आदराने ऐकत राहिला आणि माझे बोलणे संपल्यावर म्हणाला, ‘‘मग टेफ्लॉन कोटिंग तरी करून टाकू ना, सर?’’

टेफ्लॉनच्या बाबतीतही मी अगदीच अडाणी नव्हतो, कारण तव्याच्या निमित्ताने त्याची माहिती मी एकदा वाचली होती. हा पदार्थ १९३८ साली रॉय प्लंकेट या रसायनशास्त्रज्ञाच्या हाती निव्वळ योगायोगाने लागला. तो ३२७ अंश सेल्सिअसला वितळतो आणि तव्यावर पक्का बसवायचा असेल तर त्याहूनही जास्त तापवावा लागतो. गाडी तेवढी तापवली तर तिच्यावर टेफ्लॉन बसेल की नाही ते सांगता येत नाही, परंतु मूळचा रंग नक्कीच राहणार नाही. तेव्हा यंत्राने चोळून गाडीवर जे चमकते ते बव्हंशी मेण असते आणि उरलेली श्रद्धा असते. हे मात्र मी मनातच म्हटले. उघडपणे फक्त ‘‘नंतर बघू’’ एवढेच बोललो, आणि त्याने टॅबलेटवर ‘नंतर’ अशी नोंद केली. (त्या ‘नंतर’चा फोन मला अजून दर आठवड्याला येतो.)

तासाभराने मला आत बोलावणे आले. गाडी लिफ्टवर चढवलेली होती. आपले वाहन असे खालून पाहण्यात काहीतरी संकोचाचे असते. मेकॅनिकने कप्प्यामागून काढलेला एसीचा, म्हणजे केबिनचा, फिल्टर माझ्यासमोर धरला. तो काळा होता. त्याच्या घड्यांमध्ये धूळ दाटून बसली होती, एका कोपऱ्यात वाळलेले पान अडकले होते आणि मधोमध कुठल्याशा किड्याचा एक पारदर्शक पंख अगदी शाबूत राहिला होता. त्याच्याच शेजारी त्याने नवा, दुधासारखा पांढरा फिल्टर ठेवला आणि तो काहीच बोलला नाही. बोलण्याचे काम ॲडव्हायझरने केले: ‘‘हीच हवा आत येते, सर. मुलंही बसत असतील गाडीत.’’

बापाच्या काळजाला हात घातल्यावर कसला निश्चय आणि कसली काटकसर! मी मान खाली घालून होकार दिला. घरी पोहोचेपर्यंत माझ्या ध्यानात आले नाही की फिल्टरचे कामच मुळी काळे होण्याचे असते. तो काळा झाला याचा अर्थ ती धूळ त्याने अडवली, आमच्या छातीत जाऊ दिली नाही. वर्षभर वापरलेला फिल्टर पांढराशुभ्र निघाला असता तर घाबरायला हवे होते. फिल्टर बदलायला हवा होता, यात वाद नाही. मात्र हे काम बहुतेक गाड्यांत कप्पा उघडून, कोणत्याही हत्याराशिवाय, दहा मिनिटांत घरी करता येते, हे मला त्याच दिवशी संध्याकाळी कळले.

तो फिल्टर माझ्या वर्मी लागला आणि त्यानंतर मी एकदम कडक झालो. ब्रेक पॅड ‘चाळीस टक्के संपलेत’ असे तो म्हणाला, तेव्हा मी टक्के ऐकण्याचे नाकारून मिलिमीटर मागितले. हा मंत्र मला एका सहकाऱ्याने दिला होता आणि तो कोणीही वापरून पाहावा. टक्के हे मत असते. मिलिमीटर मोजावे लागतात. मोजल्यावर पॅड ६ मिलिमीटर भरले. ते साधारण ३ मिलिमीटरवर आले की बदलावेत असा सर्वसाधारण दंडक असल्याने पॅड वाचले. या विजयाने मला अशी काही झिंग चढली की पुढे मी प्रश्न ऐकून घेण्याचेही कष्ट घेतले नाहीत. व्हील बॅलन्सिंग? नको. वायपर? नको. बॅटरीचे टर्मिनल? नको. ब्रेक ऑइल? नको म्हणजे नको!

नकारांची ती संपूर्ण यादी त्याने कागदावर उतरवून माझ्यापुढे सहीसाठी ठेवली. प्रत्येक ओळीपुढे ‘ग्राहकाने नकार दिला’ असे तांबड्या शाईत छापलेले होते. डॉक्टरांचा सल्ला डावलून रुग्णाला घरी नेणारे नातेवाईक सही करतात तशी सही मी केली आणि ताठ मानेने बाहेर पडलो.

संध्याकाळी, विजयाचा दाखला मिळवावा म्हणून, मी ते प्लॅस्टिकचे पाकीट फोडले आणि पुस्तिका उघडली. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आलो आहे, पण कळसा इतकी वर्षे काखेतच राहिल्याचे उदाहरण माझेच असावे. देखभालीचा तक्ता अवघा दोन पानांचा होता. इंजिन फ्लशचे त्यात नाव नव्हते, थ्रॉटल बॉडीचे नव्हते, उंदरांचा तर उल्लेखही नव्हता. मी प्रत्येक गैरहजर नाव पत्नीला मोठ्याने वाचून दाखवीत होतो. असे करताकरता माझे बोट एका ओळीवर थांबले आणि आवाजही थांबला. तिथे लिहिले होते: ब्रेक ऑइल, दर २ वर्षांनी किंवा ४०,००० किलोमीटरला, यांपैकी जे आधी होईल तेव्हा बदलावे.

गाडी तीन वर्षांची होती.

पुढचा मजकूर मी मोठ्याने वाचला नाही, पण पत्नीने खांद्यावरून वाचला. पेडलचा दाब चाकांच्या ब्रेकपर्यंत पोहोचवणारे ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेते. ‘डॉट ४’ या प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात पाणी मुरले की हीच मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. लांब उतारावर सारखा ब्रेक दाबत राहिले की ब्रेक प्रचंड तापतात, पाणी मुरलेल्या ऑइलला उकळी फुटते, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि मग दाबलेले पेडल नुसतेच खाली जाते, कारण द्रव दाबाने आकसत नाही पण वाफ आकसते. दिवसभरात मला विकायला काढलेल्या डझनभर गोष्टींपैकी जी सर्वांत गरजेची होती, नेमकी तिलाच मी दोनदा ‘नको’ म्हणून आलो होतो आणि वर सही ठोकून आलो होतो.

दोष कोणाला द्यावा? त्या मुलाला महिन्याचे टार्गेट असते, हे उघड आहे. पण त्याने गरजेचे आणि बिनगरजेचे एकाच सुरात, एकाच ‘करून टाकू’च्या धाग्यात ओवले नसते, तर माझ्या कानांना त्यांतला फरक ऐकू आला असता. लांडगा आल्याची हाळी अकरा वेळा ऐकलेल्या माणसाने बाराव्या वेळी काठी उचलली नाही, तर त्याला किती बोल लावायचा?

दोन दिवसांनी मी पुन्हा त्याच काउंटरपुढे उभा राहिलो. या खेपेला पुस्तिका माझ्या हातात होती आणि त्या पानात खुणेची चिठ्ठी होती. त्याने मला ओळखले, पण तांबड्या शाईच्या कागदाचा उल्लेखही केला नाही, हा त्याचा मोठेपणा मी मान्य करतो. ‘‘फक्त ब्रेक ऑइल,’’ मी पानावर बोट ठेवून बजावले, ‘‘बाकी काहीही नाही.’’

‘‘ब्रेक ऑइल तर करूच, सर,’’ तो म्हणाला. मग त्याने पुढच्या काचेवर पाण्याचा फवारा मारला आणि वायपर एकदाच फिरवला. वायपर कण्हत वर गेला, कण्हत खाली आला आणि बरोबर माझ्या डोळ्यांसमोर काचेवर पाण्याचा एक रुंद पट्टा तसाच सोडून गेला. तो माझ्याकडे पाहत उभा राहिला. मी पुस्तिका चाळली. वायपरची ओळ तिच्यातही होती.

‘‘आपण तेही करून टाकू,’’ मी म्हणालो.