साताऱ्याची हवा ९३

डिझेल व्हॅन पूर्ण बंद पडली तर एक बरं असतं, टोचन लावायचं, गॅरेजला न्यायची, विषय संपला. पण चेक लाईट लागून लिंप मोडला गेली, म्हणजे इंजिनानं स्वतःला जपायला आपणहून ताकद कमी केली, की हाल कुत्रं खात नाही, कारण गाडी चालते पण ओढत नाही, आणि यवतेश्वरच्या घाटात मागचा दुधाचा टेम्पो हॉर्न वाजवून वाजवून आपल्या खानदानाचा उद्धार करत असतो. बाजूला घेऊन किल्ली बंद-चालू केली की परत एकदम शहाणी. पुढच्या खड्ड्यापर्यंत.

गल्लीतल्या आबांनी बॉनेट न उघडताच सांगितलं, "सेन्सर गेलाय." कुठला ते विचारायचं नसतं.

गॅरेजात स्कॅनर लावला तर दोन कोड, पी ०१९२ आणि पी ०१०७, म्हणजे डिझेलच्या रेलचा (इंजेक्टरना डिझेल देणाऱ्या नळीचा) प्रेशर सेन्सर आणि टर्बोच्या हवेचा दाब मोजणारा मॅप सेन्सर, दोघांचेही सिग्नल कमी. मिस्त्री म्हणाले, दोन्ही बदलू, आणि वर जो आकडा सांगितला तो इथं लिहीत नाही, बायको वाचते. आता कोड म्हणजे नुसता तक्रार अर्ज असतो हो, निकाल नव्हे, पण ऐकतंय कोण! तेवढ्यात इंजिन बंद, किल्ली चालू असताना मॅपचं रीडिंग आलं ९३, आणि तिथलं पोरगं मोबाईलमध्ये बघून ओरडलं, "१०१ पायजे, खलास झालाय!" अरे बाबा, हवेचा दाब १०१ किलोपास्कल समुद्राकाठी, वर चढावं तसा तो कमी होतो, आपण साताऱ्यात सातशे मीटरच्या वर बसलोय, इथं ९३ च येणार, महाबळेश्वरला नेलीस तर ८६ दाखवेल, मग काय तिथली सगळी हवाच बदलणार का? उलट सेन्सर ठणठणीत असल्याचा हा पुरावा. रेलचंही तेच, आयडलिंगला तीनशे बारच्या आसपास, एकदम व्यवस्थित.

मग दोघं एकदम का बोंबलतात? शेवटी वायरमनला बोलावलं. कमी बोलणारा माणूस, गॅरेजात असा दुर्मिळच. त्यानं मीटर लावला आणि म्हणाला, या सगळ्या सेन्सरना ५ व्होल्ट एकाच लाईनवरनं जातात, एकाची वायर बॉडीला टेकली की सगळेच झोपतात. मग वायरिंग हलवत एकेक सॉकेट काढत गेला, आणि व्होल्ट परत आले कधी, तर एसीच्या गॅसचा प्रेशर सेन्सर काढल्यावर! त्याची वायर पट्टीला घासून उघडी पडलेली. ज्या एसीनं आजवर गार हवेची एक झुळूक दिली नाही, त्यानं भर घाटात इंजिनाचा गळा धरावा म्हणजे कमाल झाली.

वायरला टेप आणि स्लीव्ह, कोड पुसले, गाडी सुसाट. पैसे देताना मिस्त्री जवळ आले आणि हळूच म्हणाले, "सायेब, आता उघडलंच हाय तर एसीचा गॅस भरून घ्या की."