वायर जोडल्याशिवाय काही होत नाही, म्हणता?

नमस्कार दादा,

इंटरनेट जोडलेल्या गाड्यांवरच्या माझ्या लेखाखाली तुमची सणसणीत प्रतिक्रिया वाचली. तीस वर्षं गॅरेज चालवणाऱ्या माणसाला दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं होणं बरं नव्हे. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मी लोकांना उगाच घाबरवतोय, वायर जोडल्याशिवाय गाडीत कोणी शिरू शकत नाही, आपल्याकडे माणसं खड्ड्यांनी मरतात, हॅकरमुळे नाही, आणि माहितीचं म्हणाल तर मोबाइलला सगळं आधीच ठाऊक आहे.

आधी माझी चूक. अमेरिकेतल्या २०१५च्या जीप चेरोकी गाडीच्या हॅकिंग प्रकरणात 'स्टीअरिंगचा ताबा घेतला' असं मी ठोकून दिलं. ते स्टीअरिंग फक्त रिव्हर्समध्ये, कमी वेगात वळवता आलं होतं. तुम्ही पकडलंत, मी दुरुस्त केलंय. पण बाकीचं खरंच आहे. चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक हे दोन सुरक्षा संशोधक दहा मैलांवरच्या घरात लॅपटॉप घेऊन बसले होते आणि हायवेवर ताशी सत्तर मैलांनी धावणाऱ्या जीपचा अ‍ॅक्सिलरेटर त्यांनी निकामी केला. आत बसलेला पत्रकार पाय दाबतोय आणि गाडी मंदावत चाललीय. वायर कुठेही नव्हती. ते शिरले गाडीतल्या मोबाइल कनेक्शनमधून.

वायरचा मुद्दा तुमच्याआधी कंपन्यांनीही मांडला होता. २०१३ साली याच दोघांनी फोर्ड एस्केप आणि टोयोटा प्रिअसमध्ये बसून, जिथे तुम्ही स्कॅनर लावता तिथेच लॅपटॉप जोडून ब्रेकशी खेळ केला होता. तेव्हा उत्तर मिळालं, की आत बसून वायर जोडावी लागते, मग हे हॅकिंग कसलं? दोन वर्षांत ती वायर गळून पडली. फियाट क्रायस्लरला १४ लाख गाड्या रिकॉल कराव्या लागल्या, मालकांना टपालाने पेनड्राइव्ह पाठवावे लागले.

मुळात गोची कॅन बसमध्ये, म्हणजे गाडीतल्या यंत्रणांना एकमेकींशी जोडणाऱ्या जाळ्यात आहे. ही बॉशची १९८०च्या दशकातली रचना. तिच्यावर ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर), एबीएस (ब्रेकची यंत्रणा), सेंट्रल लॉक सगळे एकाच वायरच्या जोडीवर बोलतात, आणि बोलणारा कोण हे विचारायची सोयच मूळ रचनेत नाही. चाळीत 'पाणी आलं' अशी हाक आली की सगळे बादल्या घेऊन धावतात. हाक कोणी मारली ते कोण बघतो? २०२२ साली लंडनमध्ये गाड्यांच्या सुरक्षेवरच काम करणाऱ्या एका संशोधकाच्या टोयोटाचा बंपर आणि हेडलाइटची वायर कोणीतरी उचकटली. त्याला वाटलं, पोरांचा टवाळपणा. पुढे गाडीच गेली. चोरांनी हेडलाइटमागच्या वायरीत ब्लूटूथ स्पीकरसारखं दिसणारं यंत्र जोडून 'किल्ली ओळखली' अशी खोटी हाक मारली होती. हे वायरवालंच प्रकरण आहे, तेवढा मुद्दा तुमचा. पण त्यासाठी काच फोडावी लागली नाही.

खड्ड्यांबद्दल वादच नाही. २०२३ साली देशात रस्त्यांवर १ लाख ७० हजारांहून जास्त माणसं गेली, आणि त्यापुढे माझा विषय किरकोळच.

मोबाइलचं मात्र पटलं नाही. मोबाइलवर निदान 'लोकेशन बंद' तरी करता येतं. नव्या गाडीची डिलिव्हरी आठवा. नारळ फुटतोय, हार घातला जातोय, पेढ्यांचा बॉक्स उघडलाय, आणि शोरूममधला मुलगा म्हणतो, "सर, ओटीपी सांगा." अ‍ॅप चालू करताना सगळीकडे 'मान्य आहे' तोच दाबतो. माझ्या मेव्हण्याच्या गाडीच्या वेळी मी शेजारीच उभा होतो. काय मान्य केलंस, विचारलं, तर दोघेही हसले.

त्या 'मान्य आहे'चं पुढे काय होतं? २०२४ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने जनरल मोटर्सच्या गाड्यांमधली माहिती विमा कंपन्यांपर्यंत पोचत असल्याचं प्रकरण बाहेर काढलं. सिएटलजवळच्या एका माणसाचा विमा २१ टक्क्यांनी वाढला होता. त्याने आपली नोंद मागवली तर २५८ पानं आली: सहा महिन्यांतल्या ६४० फेऱ्या, कधी निघाला, कधी पोचला, ब्रेक किती वेळा करकचून मारला. गाडी त्याची, चुगलीही तिचीच! जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेने कंपनीवर कारवाई केली तेव्हा कळलं, की गाडीचं ठिकाण दर तीन सेकंदांनी टिपलं जाऊ शकत होतं.

आता आपल्याकडचं, माझंच. दोन वर्षांपूर्वी मी सेकंडहँड गाडी घेतली. विकणाऱ्या डीलरने टायरला पॉलिश मारलं, डॅशबोर्डवर अत्तराची बाटली ठेवली. स्क्रीन चालू केली तर आधीच्या मालकाचा फोनबुक तसाच: 'आई नवीन नंबर', 'दूधवाला', 'स्कूलबस काका'. नकाशात 'घर'ही होतं. मी सगळं पुसलं आणि कॉलर ताठ केली.

महिन्याभराने कागदपत्रांसाठी त्या आधीच्या मालकांना फोन केला, तर बोलता बोलता म्हणाले, "अलिबागला जाऊन आलात वाटतं शनिवारी?" कंपनीचं अ‍ॅप त्यांच्या मोबाइलवर अजून माझ्या गाडीला जोडलेलंच होतं. भला माणूस, ओशाळून तिथल्या तिथे काढून टाकलं.

तुमच्याकडे विकायला आलेल्या गाडीचा क्लच, बॅटरी, टायर तुम्ही बघत असालच. हे बघता का? तुमच्या पुढच्या प्रतिक्रियेत ते वाचायला आवडेल.