डावीकडून तिसरे

आमच्या तालमीच्या फुटबॉल संघाची स्मरणिका काढायचे ठरले आणि तिच्यासाठी संघाचा इतिहास लिहिण्याचे काम माझ्या गळ्यात पडले, कारण त्या बैठकीला मी उशिरा पोहोचलो होतो. कोल्हापुरात तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा, एवढे परगावच्या माणसालाही ठाऊक असते. पण त्याच तालमीच्या नावाने फुटबॉलचा संघ मैदानात उतरतो आणि पाटाकडील विरुद्ध दिलबहार असा सामना लागला की अर्धे शहर शाहू स्टेडियमकडे वळते, हे त्याला निराळे सांगावे लागते. मला त्यातले काहीच सांगायचे नव्हते. मला केवळ स्थापनेचे वर्ष हवे होते.

‘कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन निघाली १९४० साली, आपला संघ त्याच्या आधीचा,’ असे एका आजोबांनी ठणकावून सांगितले. दुसरे म्हणाले, ‘आधीचा कसला? तवा नुसता चेंडू हुता, संघ न्हवता.’ तिसऱ्यांच्या मते संघ होता, चेंडूच नव्हता; तो शेजारच्या पेठेतून मागून आणत असत, आणि दोन्ही पेठांतले वैर तो परत न केल्यापासूनचे आहे.

तालमीच्या भिंतीवर, मारुतीच्या तसबिरीशेजारी, जुन्या संघाचा एक फोटो आहे. त्यात माणसे अकरा आहेत आणि आपण त्यात असल्याचे सांगणारे सतरा. डावीकडून तिसऱ्या खेळाडूचा चेहरा ओलीने खाल्ला असल्यामुळे त्या एका जागेवर चौघांचा हक्क होता. फोटो घेऊन मी घरोघर फिरलो. प्रत्येक घरी चहा मिळाला आणि प्रत्येक घरी अंतिम सामन्यातला तो निर्णायक गोल त्याच घरातल्या माणसाने मारलेला निघाला.

सध्याच्या संघाची यादी तरी सोपी जाईल, अशी माझी समजूत होती. परंतु आमच्या गोलकीपरचे खरे नाव पेठेत कोणालाच माहीत नाही. शेवटी त्याच्या आईकडून रेशनकार्ड मागवावे लागले. यादी छापखान्यात गेली त्याच आठवड्यात आमचे दोन आघाडीचे खेळाडू दुसऱ्या तालमीत गेले. त्यातच एका कार्यकर्त्याने, २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेल्या अनिकेत जाधवचे नाव यादीत घालण्याचा आग्रह धरला. तो आपल्याकडून कधी खेळला नाही, असे मी नम्रपणे म्हणालो. ‘पण कोल्हापूरचाच हाय न्हवं?’ या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

अखेर मी स्थापनेचे वर्ष गाळले, निर्णायक गोल ‘संघाने’ मारला असे लिहिले आणि डावीकडून तिसऱ्या खेळाडूच्या नावाची जागा विचारपूर्वक कोरी ठेवली. छापखान्यातल्या मुलाला ती चूक वाटली. मजकुराखाली एक नाव सुटे पडलेले त्याला दिसले, ते त्याने उचलून तिथे बसवले. ते लेखकाचे होते.

आता ते चौघे आजोबा आयुष्यात प्रथमच एका बाकावर बसतात आणि मी तालमीवरून जाऊ लागलो की, माझ्या जन्माच्या आधीच्या त्या संघात मी नेमका कोणत्या जागेवर खेळत होतो, हे मला थांबवून विचारतात.