वर्षभराच्या मल्टिमीडिया सर्टिफिकेटबद्दल: खानापूरच्या वाचकांना उत्तर

दादा, 'मल्टिमीडियाचं एक वर्षाचं सर्टिफिकेट म्हणजे आई-बापाचे पैसे पाण्यात. यूट्यूबवर सगळं फुकट मिळतं, काम पुण्या-बंगळुरातच आहे, आमच्या भाच्याच्या डोक्यात हे खूळ घालू नका,' असं तुम्ही लिहिलंय. तुमची काळजी खरी आहे. निष्कर्ष मात्र मला पटत नाही.

गल्लीतल्या क्लासचा छापील कागद आणि पदवीच्या पहिल्या वर्षाचं सर्टिफिकेट, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) डिसेंबर २०२२ च्या आराखड्यात पहिल्या वर्षाचे ४० क्रेडिट (अभ्यास मोजायचं एकक) आणि सुट्टीतला ४ क्रेडिटचा व्यावसायिक कोर्स पुरा करून तिथं थांबलं, की हे सर्टिफिकेट मिळतं. पुढं तीन वर्षांच्या आत परत येऊन पदवी पुरी करता येते, एकूण मुदत सात वर्षं. घरची अडचण आली म्हणून शिक्षण सोडावं लागणाऱ्या पोरांसाठी ही फार मोठी सोय आहे. पण कर्नाटक २०२४-२५ पासून पुन्हा जुन्या तीन वर्षांच्या पदवीकडं वळलंय. त्यामुळं बेळगावात प्रवेश घ्यायचा की कोल्हापूरकडं, हे ठरवताना ही सोय कुठं लागू आहे ते आधी बघावं लागतं.

आता यूट्यूब. थ्रीडीचं ब्लेंडर, चित्रांचं क्रिटा, गेम बनवायचं गोडो ही सॉफ्टवेअरं फुकट आहेत आणि ती चालवायची कशी हे व्हिडिओ बघून येतं, हे मान्य. पण माझ्या ओळखीची निपाणीची एक मुलगी बेळगाव किल्ल्यातल्या कमल बस्ती या जैन मंदिराची टचस्क्रीनवर चालणारी माहिती बनवत होती, मराठी आणि कन्नड दोन्हींत. तिनं 'निपाणी' टाईप केलं, स्क्रीनवर उमटलं 'नपिाणी'. कन्नड ओत्ताक्षरं, म्हणजे खाली जोडून लिहायची अक्षरं, तीही सुटी पडली. फॉन्ट बदल, परत इन्स्टॉल कर, सगळं झालं. दोष फॉन्टचा नव्हताच. पहिली वेलांटी आपण अक्षरानंतर टाईप करतो, पण ती दिसायला हवी अक्षराच्या आधी. ही जुळणी करणारा भाग काही गेम इंजिनांत, म्हणजे गेम आणि असं टचस्क्रीनचं काम ज्यात बनवतात त्या सॉफ्टवेअरांत, नसतो, मग अक्षरं जशी टाईप झाली तशीच ओळीनं मांडली जातात. गोडोच्या चौथ्या आवृत्तीत ती जुळणी आहे. शेजारी बसलेल्या सरांनी हे दाखवल्यावर काम पुढं सरकलं. इंग्रजी व्हिडिओ बनवणाऱ्याला ही अडचण येतच नाही, तो सांगणार कुठून?

वर्षभर कुणीतरी आपलं काम उघडून बघतं, बटण कुठं अडतंय, आवाज कुठं फाटतोय ते सांगतं आणि तेच काम परत करायला लावतं. फी खरी त्याची असते.

कामाचं म्हणाल, तर बेळगावात मोठे स्टुडिओ नाहीत, हे तुमचं बरोबर आहे. पण मराठी आणि कन्नड दोन्ही नीट वाचणारं पोरगं बंगळुरात तरी किती मिळतं? शाळेचा धडा असो, नाहीतर उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या कामगारांना मशीन समजावणारं अॅनिमेशन, इथं सगळं दोन्ही भाषांत लागतं. हे काम आपल्या पोरांनी नाही करायचं तर कुणी?

भाच्याला घेऊन कॉलेजात जा. मागच्या बॅचचं काम कॉम्प्युटरवर चालवून दाखवा म्हणा, छापील माहितीपत्रकावर समाधान मानू नका. क्रेडिट एबीसी (अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स) खात्यात जमा होतात का, हे लेखी मागा. यातल्या एकालाही टाळाटाळ झाली, तर फी भरू नका. तिथं मी तुमच्याच बाजूनं आहे.