सँपल आणलंय का?

बाथरूममधला नळ गळत होता. धो-धो नाही, थेंब-थेंब. पण रात्री दोन वाजता एक थेंब पडला की दुसरा कधी पडतो याची वाट बघत माणूस जागा राहतो, आणि तो पडला की तिसऱ्याची. अशा चार रात्री काढल्यावर मी सकाळी घरात जाहीर केलं, "प्लंबर नको. आतला वॉशर गेलाय. दहा मिनिटांचं काम आहे."

"कुणाच्या दहा मिनिटांचं?" बायकोनं पेपरातून मान वर न करता विचारलं.

मी उत्तर दिलं नाही. पिशवी घेतली आणि हार्डवेअरच्या दुकानाकडे निघालो.

या दुकानाची मला जुनी धास्ती आहे. कापडाच्या दुकानात "जरा वेगळं काहीतरी दाखवा" म्हणता येतं. पुस्तकांच्या दुकानात तर नुसतं उभं राहिलं तरी चालतं, उलट बरं दिसतं. हार्डवेअरवाल्याकडे मात्र वस्तूचं नाव घेतल्याशिवाय वस्तू मिळत नाही, आणि आपली अडचण नेमकी नावाचीच असते. वर्षानुवर्षं रोज जिला हात लावतो ती दाराची वस्तू, खिडकीची वस्तू, टाकीखालची ती वाकडी वस्तू. यांना घरात कुणी नावानं हाक मारलेली नसते. मोडली की पहिल्यांदा नाव विचारायची वेळ येते.

दुकानात लांबलचक काउंटर, त्यामागे छतापर्यंत छोटे छोटे खण, आणि प्रत्येक खणाच्या तोंडाला आतल्या मालाचा एक नग तारेनं बांधलेला. रांग नाही. जो कमीत कमी शब्दांत बोलेल त्याचा नंबर आधी.

"पाऊण बाय अर्धा रिड्यूसर दोन, एल्बो चार, टी एक," माझ्या शेजारचा मिस्त्री म्हणाला. एवढंच. "आहे का हो?" नाही, "मिळेल का?" नाही. शेठनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. एक हात फोनवर, दुसरा हात आपला आपला मागे गेला, कुठल्याशा खणात शिरला आणि माल घेऊन परत आला.

मग शेठ माझ्याकडे वळला. "बोला साहेब."

हे 'साहेब' मी पुरतं ओळखून आहे. बँकेत साहेब म्हटलं तर मान असतो. इथे त्याचा अर्थ, या माणसाला काही कळत नाही, जपून घ्या.

"मला ना, ते एक हवं होतं... नळाच्या आत असतं बघा. गोल. रबराचं. मधे भोक." मी अंगठा आणि तर्जनी जुळवून आकार दाखवला. एरवी त्या खुणेचा अर्थ 'मस्त' असा होतो. शेठला त्यात काही मस्त दिसलं नसावं.

"वायसर," तो म्हणाला. "अर्धा की पाऊण?"

"साधारण... मध्यम."

मिस्त्रीनं खोकल्यासारखं काहीतरी केलं.

"नळ कसा आहे? पाव फेऱ्यात बंद होतो की गोल गोल फिरवायचा?"

"गोल गोल फिरवायचा. पण बंद होत नाही."

"सँपल आणलंय का?"

या प्रश्नाला नाही म्हणताना परीक्षेला पेन न नेलेल्या मुलासारखं वाटतं. मी "आत्ता आणतो" म्हणून निघालो.

सँपल आणायचं म्हणजे नळ खोलायचा. नळ खोलायचा म्हणजे आधी मेन कॉक बंद करायचा. ही माहिती मला होती, फक्त तिचा क्रम मागेपुढे झाला. त्या तीन मिनिटांबद्दल मी जास्त लिहीत नाही. छतापर्यंत पाणी गेलं होतं, एवढं सांगतो.

स्पिंडल, म्हणजे नळाच्या आतला फिरता दांडा, मात्र हातात आलं. त्याच्या टोकाला तो वायसर होता, चेपलेला, मधोमध वळ उठलेला, एका कडेनं तुटलेला. ओल्या शर्टानंच परत गेलो आणि तो काउंटरवर ठेवला. आता माझ्याकडे सँपल होतं, तर दुकानात गर्दी. थांबावं लागलं.

थांबल्या थांबल्या मी कान देऊन ऐकत होतो. एक रंगारी ऐंशीचा पॉलिश पेपर मागत होता, आणि घासून झाल्यावर हात फिरवायला तीनशेवीसचा. म्हणजे आकडा वाढला की कागद बारीक. मी मनात नोंद केली. मग एकानं सहा नंबरचे स्क्रू परत करून आठ नंबरचे मागितले, कारण सहाचे भोकात सैल पडत होते. म्हणजे आकडा वाढला की स्क्रू जाड. नोंद खोडली. मग कुणीतरी बांधायची तार मागितली, आणि तिथे परत आकडा मोठा तर तार बारीक. नंतर वाचून कळलं की यालाही कारण आहे. पॉलिश पेपरचा आकडा चाळणीच्या भोकांवरून आला. इंचात भोकं जास्त, तर दाणा लहान. तार भोकातून ओढून बारीक करतात, जितके जास्त वेळा ओढली तितका आकडा वर. प्रत्येक आकड्यामागे कुणाची तरी अक्कल आहे. सगळ्यांनी मिळून एकदा बसून ठरवायची अक्कल तेवढी कुणाला सुचली नाही.

शेठनं माझं सँपल बोटावर घेऊन पाहिलं, एक नवा वायसर काढून दिला. मी घरी गेलो, बसवला, कॉक उघडला. टप.

पुन्हा दुकान. "सीट गेली असणार," शेठ म्हणाला. वायसर ज्या पितळी कडेवर बसतो ती सीट. तीच झिजून खड्डे पडले असतील तर वायसर कितीही बदला. "नळच बदला साहेब."

वायसर घ्यायला गेलेला माणूस नळ घेऊन येतो, हा या दुकानाचा नेम आहे. एकदा मी आरसा टांगायला एक खिळा आणायला गेलो होतो आणि ड्रिल मशीन घेऊन आलो. आरसा अजून जमिनीवर टेकून आहे. त्यात आमची गुडघ्यापर्यंतची प्रगती दिसते.

यावेळी मी शहाणपणा केला. नळ घेण्याआधी रात्रभर बसून अभ्यास केला. (टप-टप होतीच सोबतीला.) काय काय कळलं! 'अर्धा इंची' नळाच्या आट्यांचा बाहेरून व्यास जवळजवळ 21 मिलिमीटर भरतो. अर्धा इंच म्हणजे 12.7. म्हणजे ज्या गोष्टीला सगळं जग अर्धा इंच म्हणतं, ती बाहेरून मोजली तर पाऊण इंचाच्याही वर जाते. फार पूर्वीच्या जाड लोखंडी पाइपाचं आतलं भोक अर्ध्या इंचाच्या आसपास असायचं, त्यावरून हे नाव. पाइप बदलले, नाव राहिलं. शिवाय 1841 साली जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं आट्यांचं माप एकसारखं करायचा प्रस्ताव मांडला. त्याआधी प्रत्येक कारखाना आपापल्या मर्जीचे आटे पाडायचा, आणि एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर चढेल याची खात्री नसे. व्हिटवर्थच्या आट्याचा कोन 55 अंश, मेट्रिक आट्याचा 60. अर्धा इंची नळाला इंचात 14 आटे.

सकाळी मी काउंटरपाशी छाती काढून उभा राहिलो. "नळ हवाय. बाहेरून साधारण एकवीस मिलिमीटर, इंचाला चौदा आटे, पंचावन्न अंशांचा कोन."

शेठ क्षणभर माझ्याकडे बघत राहिला.

"अर्धा इंची," तो म्हणाला.

"हो."

नळ मिळाला. घरी आणून बघतो तर भिंतीतला सॉकेट टाइलच्या बराच आत. नळाचे आटे तिथवर पोचेनात. आता इथे एक्स्टेन्शन निप्पल, म्हणजे मधे जोडायचा आट्यांचा आखूड तुकडा लागतो, हे मला शेठकडूनच कळलं, पण फोनवर. आणि पुढचा प्रश्न ठरलेलाच, "किती आत आहे?"

टेप सापडेना. मी तर्जनी भोकात घातली, टाइलच्या कडेशी अंगठ्याचं नख रुतवलं आणि ते नख तसंच धरून घराबाहेर पडलो. रस्त्यानं चाललोय, उजवा हात छातीपाशी, नख बोटावर घट्ट. समोरून शेजारचे काका आले. त्यांनी हात केला. मी भला माणूस, मीही हात केला.

माप गेलं.

तरी मी हार न मानता अंदाजानं नख परत रुतवलं आणि दुकानात बोट पुढे केलं. शेठनं ते बोट पट्टीवर ठेवलं. "नऊ सूत." (आठ सूत म्हणजे एक इंच.) शेजारी आज दुसरा मिस्त्री होता, त्यानंही वाकून बघितलं. "दीड इंची द्या. थोडा आत आटा जातोच."

"अर्धा इंची दीड इंच?" शेठनं विचारलं.

"नक्की कोणता?" मी म्हणालो.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आटे अर्धा इंची, लांबी दीड इंच. जो अर्धा इंच नाही तो दीड इंच लांब. मला हे पटलं, याचंच मला वाईट वाटलं.

हल्ली मोठी दुकानं निघालीत, जिथे कुणी काही विचारत नाही. ढकलगाडी घ्यायची आणि गल्ल्यांतून हिंडायचं. मी तिथेही जाऊन आलोय. कुणी विचारत नाही हे खरं, पण सांगतही नाही. बिजागऱ्यांच्या गल्लीत मी अर्धा तास उभा होतो. दहा प्रकारच्या बिजागऱ्या पाकिटात बंद, आणि प्रत्येक पाकिटावरचं चित्र माझ्या घरच्या बिजागरीसारखंच. शेवटी दिव्यांची माळ घेऊन बाहेर पडलो. त्यापेक्षा शेठच्या काउंटरवरचा अपमान बरा, त्यात निदान उत्तर मिळतं.

निप्पल बसवला, नळ बसवला. आता पाणी नळातून नाही, भिंतीतून आलं. टेफ्लॉनची टेप मी गुंडाळली होती, चांगली सढळ हातानं. तो नळ तसाच, टेपसकट, दुकानात नेऊन ठेवला.

शेठनं पहिल्यांदाच फोन खाली ठेवला. माझी टेप सोलून काढली. ती पिळवटून आट्यांच्या मागे गोळा झाली होती, हातरुमालासारखी. "उलटी गुंडाळलीत," तो म्हणाला. त्यात साहेब नव्हतं. त्यानं आट्यांचं तोंड स्वतःकडे धरलं, पहिला आटा मोकळा सोडला, टेपचं टोक अंगठ्यानं दाबलं आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं नळावर फिरवायला लागला. टेप ताणलेली, इतकी की आट्यांचे उंचवटे तिच्यातून दिसत होते. दहा-बारा वेढे. मग कात्री नाही, काही नाही. नुसती ओढली, ती लांबली, पातळ झाली आणि तुटली. तुटलेलं टोक अंगठ्यानं घासून चिकटवून टाकलं. "फिरवताना नळ ज्या बाजूला जातो, टेप त्याच बाजूला जायला पाहिजे. नाहीतर नळ आत जातो, टेप बाहेर येते."

हा टेफ्लॉन 1938 मध्ये रॉय प्लंकेट नावाच्या रसायनशास्त्रज्ञाला चुकून सापडला, हे मी त्याला सांगणार होतो. फ्रिजसाठी नवा गॅस शोधताना एका सिलिंडरमधून गॅस येईना, वजन तर भरत होतं, म्हणून त्यांनी तो कापून पाहिला तर आत पांढरी बुळबुळीत पावडर. प्लंकेटकडे यायला पाहिजे ते येत नव्हतं, माझ्याकडे नको ते येत होतं. पण शेठच्या बोटांकडे बघताना सांगायचं राहून गेलं.

घरी गेलो, नळ फिरवला, कॉक उघडला आणि स्टूल घेऊन समोर बसलो. पाच मिनिटं. दहा. बायको दारात येऊन उभी राहिली. थेंब नाही.

"दहा मिनिटं झाली," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बाथरूम पुसताना तिला कोपऱ्यात एक रबरी कडी सापडली. काळी, बारीक, बांगडीच्या लहान भावासारखी. जुन्या नळात ती बसत नव्हती, नव्यात जागा नव्हती, आणि मी काही वेगळं खोललं नव्हतं. निदान मला तरी आठवत नव्हतं. मी ती कागदात गुंडाळली आणि, सवयीनंच म्हणा, दुकानात गेलो.

"सँपल आणलंय," मी म्हणालो.

शेठनं कडी उजेडात धरली. ताणून पाहिली. वास घेतला. पोऱ्याला हाक मारली, त्यानं खांदे उडवले. मागच्या खुर्चीत बसलेल्या म्हाताऱ्या वडिलांना दाखवली. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला आणि परत दिली. काउंटरवरच्या मिस्त्रीनं "गिझरची असेल" म्हटलं. आमच्याकडे गिझर नाही.

मग शेठनं गल्ल्याखालचा एक खण ओढला. या खणाला बाहेर नमुना बांधलेला नव्हता. आत अशाच कड्या, चकत्या, स्प्रिंगा, एक पितळी टोपी, अर्ध्या तुटलेल्या कसल्याशा दांड्या. कुणाकुणाची, कधीकधी आणून दिलेली सँपलं. त्यानं माझी कडी त्यात टाकली.

"नळ गळतोय?"

"नाही."

"मग झालं," तो म्हणाला आणि पायानं खण आत ढकलला.