मियाटा सोडून थेट जीटी३? जरा थांबा

ऑनलाइन सिम रेसिंगमध्ये (म्हणजे कॉम्प्युटरवर खऱ्यासारख्या चालणाऱ्या गाड्यांच्या शर्यतींत) सुरुवात कोणत्या गाडीने करू, असं कुणी नवख्याने विचारलं की हल्ली एक तयार उत्तर मिळतं. 'मियाटात वेळ घालवू नका, थेट जीटी३ घ्या. तिला एबीएस आहे, ट्रॅक्शन कंट्रोल आहे, म्हणजे ती सोपी. मियाटा संथ, कंटाळवाणी. रुकी, म्हणजे नवख्यांच्या रेसमध्ये नुसती ठोकाठोक. आणि शेवटी जीटी३च चालवायची आहे, तर उशीर कशाला?' मियाटा म्हणजे माझदा एमएक्स-५ कप, बेताच्या ताकदीची छोटी रेस कार. जीटी३ म्हणजे पोर्शे, बीएमडब्ल्यूसारख्या कंपन्यांच्या स्पोर्ट्स कारवरून बनवलेल्या वेगवान रेस कारचा वर्ग.

आयरेसिंग या ऑनलाइन रेसिंग सेवेवर असाल तर हा सल्ला पाळताच येत नाही. तिथे प्रत्येकाचं लायसन्स रुकीपासून सुरू होतं आणि त्यावर जीटी३च्या अधिकृत रेसला प्रवेशच मिळत नाही. पण नियम बाजूला ठेवू, कारण मुद्दा गाडीचा आहे.

एबीएसमुळे चाकं लॉक होत नाहीत, हे खरं. म्हणून नवखा माणूस पेडल ठासून दाबतो आणि तसंच धरून वळणात शिरतो. टायरची सगळी पकड ब्रेकिंगमध्येच खर्ची पडते, गाडीचं नाक वळत नाही, आणि त्याला वाटतं सेटअप, म्हणजे गाडीची जुळवणी, चुकलाय. ट्रॅक्शन कंट्रोलचंही तेच. ॲक्सिलरेटर लवकर दाबला की ते गुपचूप इंजिनची ताकद कापतं. गाडी फिरत नाही, फक्त पुढच्या सरळ पट्ट्यावर मागे पडते, आणि चूक नेमकी कुठे झाली ते कळायला मार्गच राहत नाही. त्यात डाउनफोर्सची, म्हणजे गाडीला खाली दाबणाऱ्या हवेच्या जोराची भर. वेगात गाडी रस्त्याला चिकटून असते, वेग उतरला की ती पकडही उतरते. म्हणून ब्रेक सुरुवातीला जोरात दाबून हळूहळू सोडत आणावा लागतो. ज्याचा पाय अजून बसलेला नाही, त्याला हे 'सोपं' कसं म्हणायचं?

मियाटा चूक लपवत नाही. अमेरिकेतल्या लाइम रॉक पार्क या ट्रॅकचं शेवटचं वळण घ्या, 'डाउनहिल'. उतारावरचं वेगवान उजवं वळण, आणि पुढे लगेच मुख्य सरळ पट्टा. मध्यावर आल्यावर भीती वाटते आणि पाय ॲक्सिलरेटरवरून झटकन निघतो. वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात आणि गाडी गर्रकन फिरते. कारण आणि परिणाम यांत अर्ध्या सेकंदाचंही अंतर नसतं. दोन-चार गिरक्या घेतल्या की पाय आपोआप हळू सुटायला लागतो. हीच सवय पुढे जीटी३मध्ये कामाला येते.

आता 'संथ'. सरळ पट्ट्यावर संथ आहेच, त्यात वाद नाही. पण ऑनलाइन रेसमध्ये तुम्ही एकटे नसता. ताशी २५० किमीला गाडी सेकंदाला सुमारे ७० मीटर जाते, १५०ला ४२ मीटर. समोरचा फिरला तर निर्णय घ्यायला कुठे जास्त वेळ मिळेल, हे सांगायला नको. शिवाय सगळ्यांची गाडी एकच, ताकद बेताची, त्यामुळे लाइम रॉकला चार-पाच मियाटा एकमेकींच्या हवेच्या आडोशाने साखळी करून पळतात आणि लॅपमागून लॅप जागा बदलत राहतात. शेजारी गाडी असताना आपली रेघ सोडायची नाही, हे इथेच अंगवळणी पडतं. ज्याला हे कंटाळवाणं वाटतं त्याने बहुधा एकट्यानेच लॅप मारल्या असाव्यात.

ठोकाठोकीची तक्रार मात्र खरी आहे. पहिल्या वळणावर रोज जत्रा भरते. पण त्यावर उपाय गाडी बदलणं नाही. आयरेसिंग चूक कुणाची ते बघत नाही. जोरदार धडकेचे ४ दंडाचे पॉइंट दोघांच्याही नावावर चढतात, ताबा सुटला तर २, ट्रॅकबाहेर गेलात तर १. सेफ्टी रेटिंग, म्हणजे तुम्ही किती सुरक्षित चालवता त्याचा आकडा, सुरुवातीला २.५० असतं आणि ते पॉइंट न लागता पार केलेल्या वळणांवर वाढतं, जिंकण्यावर नाही. म्हणून सुरुवातीच्या रेस पिट लेनमधून, म्हणजे ट्रॅकशेजारच्या दुरुस्तीच्या मार्गिकेतून, सगळ्यांच्या मागून सुरू करा. पुढची गर्दी आपसांत आपटून घेईल, तुम्ही शांतपणे वळणं जमवा. ३.०० ओलांडलं की लायसन्सच्या वरच्या वर्गाचा रस्ता मोकळा होतो.

पैशांचं थोडक्यात: मियाटा आणि रुकी रेसचे ट्रॅक आयरेसिंगच्या वर्गणीतच मिळतात. जीटी३ गाडी वेगळी, जवळपास १२ डॉलरला, आणि तिच्या मालिकांना लागणारे बरेचसे ट्रॅक पुन्हा वेगळे.

एका बाबतीत तो सल्ला बरोबर ठरतो. तुमच्याकडे फक्त ॲसेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने हा दुसरा रेसिंग गेम असेल तर तिथे मियाटा नाहीच. जीटी४ गाड्या आहेत, पण त्या डीएलसीमध्ये, म्हणजे वेगळ्या विकत घ्यायच्या भागात, तेव्हा जीटी३पासूनच सुरुवात होणार. तसं असेल तर निदान पोर्शे ९११ नको. तिचं इंजिन मागच्या ॲक्सलच्याही मागे, आणि मधेच पाय उचलला की ती नवख्याला दया दाखवत नाही. पुढे इंजिन असलेली मर्सिडीज-एएमजी किंवा बीएमडब्ल्यू एम४ घ्या, आणि ट्रॅक्शन कंट्रोल जास्त ठेवून सुरुवात केली तरी दर आठवड्याला एकेक पायरी खाली आणत जा.