नारळ दिलंस?

घरच्या घरी गाडीचं इंजिन उघडणाऱ्याला शेजारी आधी येडा म्हणतात आणि मग पाने धरून द्यायला येऊन बसतात. दोन महिने आमच्या पडवीत हेच चालू होतं. गाडी म्हणजे यामाहाची टू-स्ट्रोक मोटरसायकल, आरएक्स १००. आपल्याकडे ती १९८५ ते १९९६ एवढीच वर्षं बनली. पण मालवण तालुक्यात अजून कुणाच्या ना कुणाच्या पडवीत एखादी पोत्याखाली झाकून उभी असते आणि ती कधीच विकायची नसते. आमची बाबांची. खाऱ्या वाऱ्यानं सायलेन्सर चाळणीसारखा झालेला, टाकीला गंज.

टाकी रंगाला दिली, सिलिंडरचा ब्लॉक आतून बोअर करून आणला. मूळ पिस्टन ५० मिलिमीटरचा, त्यावर आता ०.७५ जादाचा बसवला. रिंगांची तोंडं खाचेतल्या पिनवर आणली, पिस्टनवरचा बाण सायलेन्सरकडे केला, ऑईल पंपातली हवा काढली. पिस्टन धरणाऱ्या गजन पिनचं एक लॉक उडालं, ते दोन दिवसांनी कुळथाच्या टोपलीत सापडलं. पिठीत सापडलं नाही, ही देवाची कृपा. गाडी सुरू झाली तेव्हा अख्ख्या वाडीत धूर. आजी म्हणाली, डास तरी गेले.

आठवडाभर एक-दीड लिटर पेट्रोलवर वाडीतल्या वाडीत फिरवली. कुरकूर नाही. मग रविवारी गाडीला बक्षीस म्हणून टाकी गळ्यापर्यंत भरली आणि कसालच्या दिशेनं निघालो. सहाएक किलोमीटरवर घाटी लागते. घाटीच्या पायथ्याशी वड, वडाखाली राखणदाराचा, म्हणजे वाट राखणाऱ्या देवाचा दगड. चढ सुरू झाला तशी गाडी एकदम हलकी, पिसासारखी पळायला लागली. मी खूश. विझण्याआधी दिवा मोठा होतो, हे तेव्हा आठवायला हवं होतं. पुढच्याच क्षणी ‘टिर्रर्र’ आणि मागचं चाक जाम. क्लच दाबला म्हणून हा लेख लिहितोय.

अशा वेळी माणूस पहिली गोष्ट काय करतो? पेट्रोल आहे का बघतो. झाकण उघडलं, काहीसं ‘फुस्स’ झालं, आत पेट्रोल काठोकाठ. अर्धा तास बिडीवाल्या एका काकांचं तत्त्वज्ञान ऐकलं, तोवर इंजिन थंड झालं आणि किक उतरली. गाडी हळूहळू घरी आली. वाटेत कसलाही त्रास नाही. म्हणूनच मला ती जास्त लबाड वाटली.

मेस्त्रींनी ब्लॉक उतरवला. पिस्टनवर सायलेन्सरच्या बाजूला उभे ओरखडे. “बोअर टाईट आसा. दोन थाऊ गॅप व्हयो होतो.” दोन थाऊ म्हणजे ०.०५ मिलिमीटर, केसाहून बारीक. मी म्हटलं, बोअर टाईट असता तर पिस्टन चारी कोपऱ्यांवर घासला असता, हे एकाच बाजूला आहे. हे मी वाचलेलं होतं. मेस्त्रींनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी मुकाट चहा सांगितला. पॉलिश पेपरनं पिस्टन घासला, ब्लॉक चढला.

घरी आजीनं एवढंच विचारलं, “खंय बंद पडली?” वडाकडे, म्हटलं. “थंय राखणदार आसा. नारळ दिलंस?”

पुढच्या रविवारी परत टाकी फुल्ल. परत तोच वड, तोच चढ, तीच टिर्रर्र. झाकण उघडलं, फुस्स, पेट्रोल काठोकाठ. या वेळी प्लग काढून पाहिला: भाताच्या शितासारखा पांढरा. म्हणजे पेट्रोल कमी, हवा जास्त. तेल कमी पडलं असतं तर निदान ते ओरखडे कार्बोरेटरच्या बाजूलाही दिसले असते. आता निदानाची जत्रा भरली. कुणी म्हणालं क्रँकचं सील गेलं, तिथून हवा ओढते. आम्ही जोडाजोडांना साबणाचं पाणी लावलं, बुडबुडा एकही नाही. एसटीतून निवृत्त झालेले काका म्हणाले, टू-स्ट्रोक उतारावर नुसती सोडली की मरते. पण बंद पडली ती चढावर, हे सांगायचा धीर कुणाला? शेवटी मेस्त्रींनी मेन जेट, म्हणजे कार्बोरेटरमध्ये पेट्रोल सोडणारी तोटी, एक नंबर मोठा घातला.

आजीचा प्रश्न तोच.

तिसऱ्या रविवारी पिशवीत नारळ घेऊनच निघालो. अर्थात टाकी फुल्ल. वडाकडे चढाच्या आधीच गाडी थांबवली, इंजिन बंद केलं. दुपारची सामसूम. नारळ काढण्याआधी नुसत्या सवयीनं झाकणाला किल्ली लावली.

फुस्सऽऽऽ.

टाकीनं लांबलचक श्वास आत ओढला. मी तिथेच दगडासमोर उकिडवा बसलो. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं की धार गुटगुटत थांबते, वर दुसरं पाडलं की सरळ लागते, हे आमच्या स्वयंपाकघरात लहान पोराला कळतं. पेट्रोल खाली जायचं तर वरून हवा आत यायला हवी. आमच्या झाकणाचं हवेचं भोकच बुजलेलं. टाकी अर्धी रिकामी असली की आतली हवा थोडं निभावून नेते, म्हणून वाडीत त्रास नाही. काठोकाठ भरली की वर हवा मूठभर, सहा किलोमीटरांत ओढ बसायची आणि नेमकं चढावर, पूर्ण अ‍ॅक्सिलेटरवर कार्बोरेटर उपाशी, की पिस्टन तापून अडकलाच. आणि दर वेळी ‘पेट्रोल आहे का’ बघायला झाकण उघडून मीच रोग बरा करत होतो, पुरावा उडवत होतो.

भोकात सुई घातली तर वाळकी माती निघाली. टाकी रंगाला गेली तेव्हा झाकण दोन महिने खिडकीत पडलेलं. कुंभारमाशीला बोटभर भोकही पुरतं आणि टाचणीभरही. आमच्या रेडिओच्या मागेही तिचंच बिऱ्हाड आहे.

नारळ दिला. थांबलो नसतो तर पिस्टन तिसऱ्यांदा गेला असता, हे मान्य करायलाच हवं. घाटी चढलो, थेट कसालला जाऊन चहा पिऊन आलो.

घरी आजीला झाकण, भोक, माशी सगळं समजावलं. ती शांतपणे सुपातले तांदूळ निवडत राहिली. “राखणदारान दोनदा फुस्स करून सांगल्यान. तुका आयकाक इला नाय, त्येका तो काय करतलो?”

संध्याकाळी मेस्त्रींना खोबरं नेऊन दिलं. माशीची गोष्ट त्यांनी पूर्ण ऐकली, तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाले, “बघ, जेट मोठो घातलंय ना, त्येचो गुण.”